सर्व्हायव्हल गेम : लांबलेले डाव आणि टिकणारी गोडी

रान, बर्फ, बेट किंवा समुद्राचा तळ अशा निर्मनुष्य जागी ऊब, पाणी, अन्न आणि झोप यांची जुळवाजुळव करत तगून राहणे हाच ज्यांचा मुख्य डाव असतो, ते सर्व्हायव्हल गेम. यांतल्या बऱ्याच खेळांना ठरीव शेवट नसतो. खेळाडू मरेपर्यंत डाव चालतो. सोलापूरच्या तरुणांमध्ये मोबाइलवरचे बीजीएमआय आणि फ्री फायर मॅक्स हे गोळीबाराचे खेळ अधिक परिचयाचे. त्यांतला एक डाव साधारण अर्ध्या तासात निकाली निघतो. सर्व्हायव्हलचा एकच डाव मात्र महिनोन्‌महिने लांबू शकतो, आणि एकदा लागलेली गोडी वर्षानुवर्षे टिकते. ती कशामुळे टिकते आणि कुठे तुटते, हा या नोंदीचा विषय.

या प्रकारातला सर्वांत जुन्यांपैकी एक आणि तरीही चालू असलेला खेळ म्हणजे सामी मारानेन यांचा ‘अनरिअल वर्ल्ड’. लोहयुगातल्या फिनलंडमध्ये घडणारा हा खेळ १९९२ मध्ये आला आणि त्यात अजूनही भर पडत असते. चित्रे अगदी साधी. पण थंडीच्या आत मांस वाळवणे, त्याला धुरी देणे, कातडी कमावणे, सापळ्यांवर फेरी मारणे ही कामे इतकी बारकाईने मांडलेली आहेत की चकचकीत खेळांनीही त्याच्याकडून शिकावे. ठोकळ्यांच्या जगात खणत-बांधत खेळायचा ‘माइनक्राफ्ट’ २००९ मध्ये लोकांपुढे आला आणि २०११ मध्ये पूर्ण झाला. २०१३ मध्ये स्टीम या संगणकावरचे खेळ विकणाऱ्या ऑनलाइन दुकानाने ‘अर्ली ॲक्सेस’ सुरू केले, म्हणजे अर्धा घडलेला खेळ विकत घेऊन तो घडत असतानाच खेळायची सोय झाली. सर्व्हायव्हल गेमना ही सोय चांगलीच मानवली, कारण दर काही महिन्यांनी नवा प्रदेश, नवे जनावर किंवा नवा आजार खेळात येत राहिला आणि जुने खेळाडू परतत राहिले.

सुरुवातीचे दिवस खेळाडूला ओढून नेतात. काडेपेटी सापडलेली नाही, मोजे भिजलेत, अंधार पडत चाललाय. पुढे काय करायचे हे वेगळे सांगावे लागत नाही. मग आसरा मिळतो, मांस साठते, कातड्याचा कोट शिवून होतो. इथेच बहुतेक डाव सोडून दिले जातात. माइनक्राफ्ट खेळणाऱ्यांमध्ये ‘दोन आठवड्यांचे वेड’ हा प्रकार जगभर ठाऊक आहे : झपाटून खेळायचे, घर बांधायचे, सगळे भरपूर झाले की एके दिवशी बंद करायचे. म्हणून दीर्घ खेळाची खरी कसोटी टंचाईत लागत नाही, मुबलकतेत लागते. साठा झाल्यावर त्या साठ्याचीच काहीतरी किंमत मोजायला लावणारे खेळ टिकतात.

कॅनडातल्या हिंटरलँड स्टुडिओचा ‘द लाँग डार्क’ (सप्टेंबर २०१४, पूर्ण स्वरूपात ऑगस्ट २०१७) हे याचे सर्वांत चांगले उदाहरण आहे. गोठलेल्या ग्रेट बेअर बेटावर खेळाडू एकटा असतो. मूळ नियमाने मेल्यावर तो डाव कायमचा पुसला जातो. सुरुवातीच्या काळात अनुभवी खेळाडूंनी एक युक्ती शोधली होती : दिवसभर उपाशी राहायचे आणि झोपण्यापूर्वी थोडेसे खायचे. उपासाने जेवढी तब्येत ढासळे, तेवढी रात्रीत भरून येई आणि अन्न भलतेच पुरे. हिशेब बरोबर होता, पण डावात मजा उरली नव्हती. निर्मात्यांनी ही युक्ती बंद केली नाही. सलग तीन दिवस उपाशी न राहणाऱ्याला पाच किलो जास्त ओझे उचलता येईल, एवढेच त्यांनी ठरवले. पोटभर जेवणाऱ्याला फायदा झाला आणि शिकारीला पुन्हा अर्थ आला. अशी दुरुस्ती करायला खेळाडूची नीट ओळख लागते.

त्याच खेळात घरात फार दिवस कोंडून घेतले की कोंडवाड्याचा आजार जडतो आणि आत झोपता येत नाही. लांडग्या-अस्वलाचे मांस खाल्ले तर पोटात जंत होण्याचा धोका असतो. स्वयंपाकाचे कौशल्य शेवटच्या पायरीला पोचले की तो जातो. कच्चे मांस पाठीवर असेल तर वासाने श्वापदे माग काढत येतात. ‘इंटरलोपर’ या कठीण पातळीवर बंदूक मिळतच नाही, तयार चाकू-कुऱ्हाडही नाही. हातोडा आणि कोळसा घेऊन भट्टी गाठायची, बाणांची टोके तिथे घडवायची. भूर्जाच्या कोवळ्या फांद्या काही दिवस वाळत घालून त्यांच्या काड्या करायच्या, कावळ्यांची पिसे जमवायची, तेव्हा कुठे पहिला बाण हातात येतो. दरम्यान, दिवसागणिक थंडी वाढतच असते.

इतर खेळांनी वेगळ्या वाटा काढल्या. ‘डोन्ट स्टार्व्ह’मध्ये (२०१३) अन्न नासते, आणि पोटाबरोबर मनाचे भानही सांभाळावे लागते. नेमून दिलेल्या कामांची यादी समोर ठेवली की खेळाडू ती उरकण्यापुरतेच खेळतात, हे त्याच्या निर्मात्यांना चाचण्यांत दिसले आणि त्यांनी शोध घेण्याचे काम खेळाडूवरच सोपवले. स्वीडनच्या ‘वॅलहाइम’ने (फेब्रुवारी २०२१) भूक जीवघेणी ठेवलीच नाही. तिथे चांगले खाणारा बळकट होतो एवढेच, आणि ओढ निर्माण होते ती मित्रांसोबत बांधलेल्या गढ्यांची. महिनाभरातच त्याच्या पन्नास लाख प्रती खपल्या. समुद्राखाली घडणाऱ्या ‘सबनॉटिका’ला कथा आणि शेवट आहे, तो एकदा मनापासून खेळला जातो, पण पुन्हा पुन्हा खेळणारे त्या मानाने कमी.

कायमचा मृत्यू ही कल्पना १९८० च्या ‘रोग’ (Rogue) या संगणकीय खेळाच्या परंपरेतून आलेली. डाव बुडतो, सामान जाते. हाती राहते ती मुख्यतः खेळाडूची माहिती. ‘द लाँग डार्क’चे प्रदेश दर डावाला तेच असतात, आतले सामान मात्र बदलते. आपण नकाशावर कुठे आहोत हे दाखवणारी खूणही नसते. कोळशाने आसपासचा परिसर स्वतः रेखाटायचा. त्यामुळे मुरलेला खेळाडू त्या बेटाचा रहिवासीच होतो. वादळात कुठल्या वळणावर गुहा आहे हे त्याच्या पायांना कळते. माइनक्राफ्टमध्ये उलट, दर वेळी नवे जग.

सोलापूरच्या खेळाडूला साठ्याचा हिशेब शिकवावा लागत नाही. शहरात नळाला पाणी गेली अनेक वर्षे काही दिवसांआड येते. पिंप, हंडे, टाकी भरून पुढच्या पाळीपर्यंत कसे पुरवायचे हे घरातल्या पोराटोरांनाही कळते. जिल्हा पर्जन्यछायेतला, रब्बी ज्वारीवर जगणारा. मंगळवेढ्याला ज्वारीचे कोठार म्हणतात, आणि दुष्काळात दामाजीपंतांनी सरकारी कोठारे रयतेसाठी उघडली ही कथाही तिथलीच. जमिनीत पेव खणून त्यात ज्वारी साठवायची रीत या भागात होती. पेव उघडले की कोणी लगेच आत उतरत नसे, कारण कोंडलेल्या हवेने जीव जाऊ शकतो. साठ्याच्या पोटातच धोका असतो हे इथल्या माणसाला असे पिढ्यानपिढ्या ठाऊक आहे. कडक भाकरी टिकते ती ओल निघून गेल्यामुळे, आणि ‘अनरिअल वर्ल्ड’मधले वाळवलेले मांसही त्याच नियमाने टिकते.

लांडग्याच्या बाबतीत मात्र एक गोष्ट स्पष्ट करायला हवी. नान्नजच्या माळढोक अभयारण्याच्या परिसरातील माळरानावर लांडग्यांचा वावर आहे. धनगरांच्या मेंढ्यांवर त्यांची नजर असते, पण माणूस दिसला की ते बहुधा बाजूला होतात. ‘द लाँग डार्क’मधला लांडगा, सर्वांत सोपी पातळी सोडली तर, माणूस दिसला की बहुधा अंगावर येतो, कारण भूचुंबकीय उत्पातानंतर जनावरे बिथरली असे त्याचे कथासूत्र आहे. खेळावरून माळावरच्या लांडग्याविषयी मत बनवणे हा त्या प्राण्यावर अन्याय होईल. तो आधीच संकटात आहे.

लांब डावाला इथे एक व्यावहारिक अडचण येते, ती विजेची. ‘द लाँग डार्क’ घरात शिरल्यावर, झोपल्यावर किंवा इजा झाल्यावर डाव जपून ठेवतो. उघड्यावर चालत असताना वीज गेली, तर शेवटच्या दारापासूनची सगळी वाट पुन्हा तुडवावी लागते. म्हणून डेस्कटॉपवर खेळणाऱ्याने यूपीएस किंवा इन्व्हर्टर लावलेला बरा. डावाची फाइल पेन ड्राइव्हवर काढून ठेवणारेही असतात. वीज गेल्याने फाइल बिघडली तर ती प्रत वापरायला हरकत नाही. मेल्यावर तीच प्रत परत घालणे म्हणजे चीटिंग, असा कायमच्या मृत्यूचे डाव खेळणाऱ्यांचा साधारण संकेत आहे.