इंजिन आपले, रूळ दुसऱ्याचे

खऱ्या वाफेवर चालणारे छोटे इंजिन पेटीत घालायचे आणि दुसऱ्या छंदिष्टाच्या बागेतल्या रुळांवर पळवायला न्यायचे, ही रीत ब्रिटनमध्ये चांगलीच रुजली आहे. इंजिन उचलता येते, बागेतला लोहमार्ग नाही. त्यामुळे पाहुणचाराचा सगळा खेळ एका रुक्ष गोष्टीवर उभा आहे, ती म्हणजे रुळांमधले अंतर, अर्थात गेज.

एकोणिसाव्या शतकातली पितळी खेळण्यातली इंजिने घरातल्या फरशीवरच धावत आणि मागे पाण्याची रेघ सोडत. इंग्रजीत त्यांना 'ड्रिबलर' म्हणत, आपण लाळगळू म्हणू. १८९१ मध्ये जर्मनीच्या मेर्क्लिन कंपनीने लाइपझिगच्या जत्रेत ठरावीक मापांचे रूळ मांडले आणि गेजला क्रमांक मिळाले. त्यातले गेज १, म्हणजे सुमारे ४५ मिमी, आजही बागांत टिकून आहे. पुढे घरातली जागा आक्रसली, वीज आली, धाकटे ३२ मिमीचे गेज ० वरचढ ठरले. मागे पडलेल्या गेज १ साठी ब्रिटनमध्ये १९४७ साली एक संघटनाच उभी राहिली.

नवी पालवी फुटली ती पुन्हा जर्मनीतून. १९६८ मध्ये लेमान कंपनीने एलजीबी ही ऊनपाऊस सोसणारी गाडी आणली. ती विजेवर चालणारी होती, पण तिच्या ४५ मिमीच्या पितळी रुळांनी कितीतरी बागा व्यापल्या.

वाफेवाल्यांना मात्र अरुंद मार्गांची इंजिने अधिक मानवली. वेल्समधल्या पाटीच्या दगडाच्या खाणींकडे जाणारे मार्ग जेमतेम दोन फुटी. एक फूट म्हणजे १६ मिमी असे प्रमाण धरले की ते बरोबर ३२ मिमीवर बसतात. आणि मार्ग अरुंद असला तरी इंजिन ऐसपैस होते. मोठ्या बॉयलरमध्ये पाणी आणि उष्णता दोन्ही जास्त टिकतात, शिवाय छोटी चाके आखूड वळणेही घेतात. माझ्या मते छंद पसरला तो या हिशेबामुळे. १९८० च्या सुमारास मॅमॉड या ब्रिटिश खेळणी कंपनीने स्वस्त इंजिन काढले, १९८२ मध्ये इंग्लंडमधल्या डॉनकास्टरला अशीच छोटी वाफेची इंजिने बनवणारी राउंडहाउस कंपनी सुरू झाली. स्पिरिटच्या वातींबरोबर ब्युटेन गॅसचे बर्नर आले, मग रेडिओ कंट्रोल. त्याआधी उतारावर सुसाट सुटलेल्या इंजिनामागे मालकालाच धावावे लागे!

आता अनेक इंजिनांची चाके आसावर सरकवून ३२ किंवा ४५ मिमीला बसवता येतात. काही यजमान तर तीन रूळ टाकून दोन्ही गेजची सोय करतात. तरी निघण्यापूर्वी विचारपूस करावीच लागते. वळणाची त्रिज्या किती? डबे जोडणारी कपलिंग कोणत्या उंचीवर? रुळांत वीज आहे का? असेल, आणि पाहुण्या इंजिनाची चाके एकमेकांपासून विद्युतरोधक नसतील, तर रुळावर ठेवताक्षणी शॉर्टसर्किट.