नसलेली शीर सापडते तेव्हा

नवजात बाळाच्या टाचेतून घेतलेल्या रक्ताच्या थेंबात कधीकधी गॅलॅक्टोज जास्त निघतं. ही दुधातली साखर. ती पचवणारं एन्झाइम बाळात नसावं, अशी पहिली शंका येते. पण तपासावं तर एन्झाइम ठणठणीत. मग साखर रक्तात उरली कशी? जपानमध्ये नवजात बाळांच्या नेहमीच्या तपासणीत हे कोडं अनेकदा पडलं आणि सोनोग्राफीत सुटलं. दूध पचलं होतं, पण आतड्यातलं रक्त पुरतं यकृताकडे गेलंच नव्हतं.

एरवी आतडी, प्लीहा आणि स्वादुपिंडाचं रक्त पोर्टल शिरेत जमा होऊन आधी यकृतात शिरतं. जकातनाकाच म्हणा ना. यकृताला मिळणाऱ्या रक्तापैकी सुमारे 75 टक्के या शिरेतून येतं, उरलेलं धमनीतून. काही बाळांत गर्भावस्थेत शिरांची जुळणी होताना एक आडवाट तशीच राहते आणि रक्त नाका चुकवून अधोमहाशिरेत, म्हणजे थेट हृदयाकडे जाणाऱ्या मोठ्या शिरेत जातं. या आडवाटेला शंट म्हणतात. रेल्वे यार्डातलं शंटिंग आठवलं तर चूक नाही. डबे दुसऱ्या रुळावर घालणं, तसंच हे. साधारण 30 हजार जन्मांमागे एक, असा अंदाज आहे.

पहिली नोंद 1793 ची. लंडनचे शल्यविशारद जॉन ॲबरनेथी यांना दहा महिन्यांच्या एका मुलीच्या शवविच्छेदनात पोर्टल शीर थेट महाशिरेत उघडलेली दिसली. पित्ताशयात मात्र पित्त होतं. पित्त पोर्टल शिरेच्या रक्तापासूनच बनतं, असं तेव्हा मानत. त्यामुळे हे पित्त आलं कुठून, हाच त्यांच्यापुढचा खरा प्रश्न होता.

नाका चुकवलेला माल पुढे त्रास देतो. यकृताने निकामी करायचा अमोनिया मेंदूपर्यंत पोचतो. मूल सुस्तावतं, अभ्यासात मागे पडतं. यकृतात गाठी होतात. सगळ्यात फसवं दुखणं फुप्फुसाचं. तिथल्या केशवाहिन्या रुंदावतात, नखं निळसर होतात आणि सगळे हृदयात दोष शोधत बसतात. यावरची चाचणी मोठी गमतीची आहे. दोन सिरिंजांमध्ये सलाइन इकडून तिकडे घुसळून त्यात बारीक बुडबुडे करतात, ते हाताच्या शिरेत सोडतात आणि इकोच्या, म्हणजे हृदयाच्या सोनोग्राफीच्या, पडद्याकडे बघत राहतात. निरोगी फुप्फुसात बुडबुडे अडकून विरतात. या मुलांत तीन-चार ठोके जातात आणि हृदयाचा डावा कप्पा ठिपक्यांनी भरून येतो.

उपचारांचा विचार बराच काळ एका वर्गीकरणात अडकला होता. 1994 मध्ये मॉर्गन आणि सुपेरिना यांनी दोन प्रकार पाडले: यकृतात पोर्टल शीर मुळीच नसलेला आणि थोडीफार असलेला. पहिल्या प्रकारात आडवाट बंद केली तर रक्त जाणार कुठे? म्हणून एकच मार्ग, यकृत प्रत्यारोपण. पण हे 'नसणं' पुष्कळदा फसवं निघालं. कॅथेटरने शंटमध्ये फुगा फुगवून तो तात्पुरता बुजवला आणि मग रंगद्रव्य सोडलं, की सीटी स्कॅनमध्ये न दिसलेली, दोऱ्याएवढी शीर पडद्यावर उमटते. ती असतेच, फक्त उपाशी असते. प्रत्यारोपणाचा निर्णय या चाचणीआधी घेऊ नये, असं मला ठामपणे वाटतं.

फुगा असतानाच पोर्टल शिरेतला दाब मोजतात. तो बेताचा राहिला तर नायटिनॉलच्या जाळीचं बूच तिथेच बसवतात. हा निकेल-टायटॅनियमचा धातू नळीतून चेपून नेला तरी बाहेर पडताच आपला आकार धरतो. दाब फार चढला तर शस्त्रक्रियेने शंट आधी अरुंद करायचा आणि यकृतातल्या शिरा रुंदावल्या की पुरता बांधायचा. कुत्र्यांमध्ये हा दोष बराच आढळतो. त्यांच्या शंटभोवती पशुवैद्य केसीनची, म्हणजे दुधातल्याच प्रथिनाची, कडी घालतात. ती ओल शोषून फुगते आणि काही आठवड्यांत वाट हळूहळू आवळत आणते.

यकृताच्या आतले छोटे शंट मात्र पहिल्या एक-दोन वर्षांत बऱ्याचदा आपोआप मिटतात, म्हणून तिथे घाई करत नाहीत. मोठा शंट बंद झाला की अमोनिया लवकर उतरतो, नखं गुलाबी व्हायला काही महिने लागतात, गाठीही अनेकदा आक्रसतात. काही मुलांत फुप्फुसाच्या धमन्यांमधला दाबही वाढतो, तो तेवढा हट्टी. तो एकदा मुरला की शंट बंद करूनही नेहमी उतरतोच असं नाही.