साखरलेला मध आणि वाफशाची माती

डिसेंबरच्या सुमारास मधाच्या बाटलीच्या तळाशी पांढरट, रवाळ थर दिसू लागला की बहुतेक घरांत पहिली शंका भेसळीची येते. वास्तविक मध साखरणे ही अगदी नैसर्गिक गोष्ट आहे. मधात पाणी साधारण 17-18 टक्केच असते, आणि एवढ्याशा पाण्यात एरवी मावले नसते इतके ग्लुकोज मधमाश्यांनी त्यात कोंबलेले असते. अशा द्रावणाला ‘अतिसंपृक्त’ म्हणतात. थंडी पडली की हे जादा ग्लुकोज स्फटिक होऊन बाहेर पडते, आणि बाटली कोमट पाण्यात धरली की तो रवा पुन्हा विरघळतो. (अर्थात साखरला म्हणून मध शुद्धच, असेही सिद्ध होत नाही.)

ठरावीक तापमानाला ठरावीक पाण्यात एखादा पदार्थ जेवढा विरघळून राहू शकतो तेवढा विरघळलेला असला, की द्रावण संपृक्त झाले असे म्हणतात. या व्याख्येतले ‘ठरावीक तापमानाला’ हे शब्द शाळेत घाईने वाचले जातात, पण सगळी गंमत तिथेच आहे. 20 अंश सेल्सिअसला 100 ग्रॅम पाण्यात सुमारे 200 ग्रॅम साखर विरघळते, तर उकळत्या पाण्यात त्याच्या दुपटीहून अधिक. मिठाचे प्रमाण मात्र 36 ग्रॅमवरून जेमतेम 39 ग्रॅमवर जाते. म्हणून लाडवांचा पाक नुसता निवला तरी साखर धरतो, पण मीठ हवे असेल तर पाणीच उडवून लावावे लागते. उरणकडच्या मिठागरांत ऊन आणि वारा हेच काम करतात. समुद्राच्या एका लिटर पाण्यात जेमतेम 35 ग्रॅम क्षार असतात. त्यातले जवळजवळ नऊ-दशांश पाणी उडाल्यावर कुठे खाण्याचे मीठ खाली बसू लागते. त्याच्या बऱ्याच आधी जिप्सम (कॅल्शियमचा एक क्षार) बसलेले असते, कारण त्याची मर्यादा लवकर गाठली जाते. शेवटी उरणाऱ्या कडवट पाण्यात मॅग्नेशियमचे क्षार राहतात.

हवेचेही असेच आहे. 30 अंशांना एका घनमीटर हवेत सुमारे 30 ग्रॅम बाष्प राहू शकते, 10 अंशांना मात्र 9 ग्रॅमच्या आसपास. त्यामुळे थंडीतल्या धुकट पहाटे आर्द्रता 100 टक्के असली, म्हणजे त्या तापमानाची मर्यादा पूर्ण भरलेली असली, तरी हवेत बाष्प असते ते मे महिन्यातल्या कोकणातल्या घामट दुपारपेक्षा पुष्कळ कमी. बोटाला लावायच्या ऑक्सिमीटरचा आकडाही याच जातीचा आहे. रक्तातल्या हिमोग्लोबिनच्या किती टक्के जागा ऑक्सिजनने भरल्या आहेत, एवढेच तो सांगतो. मुळात हिमोग्लोबिनच कमी असलेल्या रक्तक्षयाच्या रुग्णालाही तो 98 दाखवू शकतो.

संस्कृतात ‘संपृक्त’ म्हणजे मिसळलेले, एकमेकांना जोडलेले. कालिदासाने ‘रघुवंशा’च्या पहिल्याच श्लोकात पार्वती-परमेश्वरांना वाणी आणि अर्थ यांच्यासारखे ‘संपृक्त’ म्हटले आहे. इंग्रजीतल्या ‘सॅच्युरेट’च्या मुळाशी मात्र पोट भरल्याचा अर्थ असलेला लॅटिन शब्द आहे, आणि विज्ञानाने मराठी शब्दावर तोच अर्थ चढवला. तेला-तुपातल्या संपृक्त मेदाम्लांना (‘सॅच्युरेटेड फॅटी ॲसिड्स’) तो चपखल लागू पडतो: त्यांच्या कार्बनच्या साखळीत हायड्रोजनला आणखी जागाच उरलेली नसते. या साखळ्या सरळ असल्याने एकमेकींना दाटून बसतात, म्हणून अशी मेदाम्ले भरपूर असलेले खोबरेल थंडीत थिजते आणि ती कमी असलेले शेंगदाणा तेल पातळच राहते.

ही संपृक्तता ओसरल्यावरच्या स्थितीसाठी शेतकऱ्याकडे आपला वेगळा, आणि माझ्या मते अधिक नेमका, शब्द आहे. दमदार पाऊस झाला की काळ्या मातीतली एकूण एक पोकळी पाण्याने भरते. माती संपृक्त होते आणि मुळांना हवा मिळेनाशी होते. जादा पाणी निचरून पोकळ्यांत पुन्हा हवा शिरली की त्या स्थितीला ‘वाफसा’ म्हणतात. तो आला का हे पाहण्यासाठी मूठभर माती घेऊन तिचा गोळा दाबायचा आणि कमरेच्या उंचीवरून खाली सोडायचा. गोळा तसाच थापून बसला तर पेरणी थांबते. फुटून मोकळा झाला तर पाभर (पेरणीचे अवजार) शेतात जाते.