बॉल बघणारा एक, माणसं बघणारा दुसरा

मागच्या हिवाळ्यात गंगापूर रोडच्या बाजूला एका सिमेंटच्या कोर्टवर सतरा वर्षांखालच्या मुलांची बास्केटबॉलची मॅच बघत होतो. नाशिकची थंडी अशी, की कठड्यावर बसलेले पालक मफलर गुंडाळून, आणि कोर्टवरची पोरं मात्र घामाने निथळत होती. कोपऱ्यातून एका मुलाने शॉट मारला. बॉल हवेत असतानाच रिंगखाली शिट्टी वाजली. त्याच्याच टीममधल्या उंच पोराने रिबाउंडसाठी, म्हणजे रिंगला लागून परतणारा बॉल पकडण्यासाठी, पुढच्या डिफेंडरला पाठीत रेटलं होतं. तेवढ्यात बॉल जाळीतून खाली आला. रेफरीने मूठ वर केली, मग दोन बोटं मनगटातून खाली झटकली. म्हणजे फाऊल दिला, आणि बास्केटही धरलं.

झालं. एक काका उठलेच. "अहो सर, फाऊल यांनीच करायचा आणि पॉइंटही यांनाच? हा कुठला न्याय?" शेजारचे म्हणाले, "शिट्टी वाजली की बॉल मेला. मग पॉइंट कसला?"

रेफरी बरोबर होता. तो का बरोबर होता, हे समजायला थेट १८९१ पर्यंत मागे जावं लागतं.

अमेरिकेतल्या स्प्रिंगफील्ड गावी वायएमसीए या ख्रिस्ती युवक संघटनेच्या प्रशिक्षण शाळेत जेम्स नेस्मिथ या शिक्षकाने डिसेंबर १८९१ मध्ये हा खेळ बेतला. व्यायामशाळेच्या सज्जाला पीच फळांच्या दोन टोपल्या ठोकल्या, इतकंच साहित्य. (खेळ नाशिकला जन्मला असता तर द्राक्षाचे क्रेट टांगले गेले असते.) त्याने तेरा नियम लिहिले, आणि ते जानेवारी १८९२ मध्ये त्या शाळेच्या नियतकालिकात छापून आले. खांदा मारणं, धरणं, ढकलणं, पाय घालणं, मारणं हे सगळं पाचव्या नियमाने बंद. पण मला या तेरांत सगळ्यात दूरदृष्टीचे वाटतात ते दहावा आणि अकरावा. दहाव्यात अंपायर येतो. तो माणसांचा न्यायाधीश, फाऊल टिपून ठेवणं त्याचं काम. अकराव्यात रेफरी येतो. तो बॉलचा न्यायाधीश. बॉल खेळात आहे की नाही, हद्दीत आहे की बाहेर, कोणाचा आहे, हे त्याने ठरवायचं.

म्हणजे पहिली मॅच नीट स्थिरावायच्या आत नेस्मिथला कळलं होतं, की एका माणसाचे दोन डोळे या खेळाला पुरायचे नाहीत. आपली कबड्डी बघा. सगळं मैदान रेडरकडे बघतं आणि बहुतेक वेळा तिथेच सगळं घडत असतं. बास्केटबॉलमध्ये बॉल एकाकडे असतो आणि उरलेले नऊ जण बॉलशिवाय धावत, अडवत, जागा धरत असतात. प्रेक्षकाची नजर बॉलमागे जाते. नऊ जणांचं राज्य दिव्याखालच्या अंधारात चालतं.

सुरुवातीला फाऊलची शिक्षा भलतीच ढोबळ होती. एका टीमने समोरच्यांचा एकही फाऊल मध्ये न येता सलग तीन फाऊल केले, तर दुसऱ्या टीमला एक गोल बहाल. कोणाला ढकललं, कुठे ढकललं, बॉल तेव्हा कुठे होता, याला काही किंमत नव्हती. १८९४ मध्ये फ्री थ्रो आला, म्हणजे फाऊलच्या बदल्यात ठरलेल्या लाइनवरून, कोणी न अडवता मारायचा शॉट. पण तो कोणीही मारायचा. बहुतेक टीमांकडे एक ठरलेला नेमबाज असे आणि सगळ्यांच्या वाटचे फ्री थ्रो तोच घेई. १९२४ पासून नियम बदलला: ज्याच्यावर फाऊल झाला त्यानेच लाइनवर उभं राहायचं.

या बदलाबद्दल फारसं कोणी बोलत नाही, पण माझ्या मते ऑफ-बॉल, म्हणजे बॉलपासून दूर होणाऱ्या, फाऊलची खरी गोष्ट इथून सुरू होते. आता माणूस महत्त्वाचा झाला. समोरच्या पाचांतला फ्री थ्रोला कच्चा कोण, हे हेरून त्यालाच पकडायचं, बॉल त्याच्या हातात असो वा नसो, असा हिशेब शक्य झाला.

तो हिशेब एनबीए या अमेरिकेतल्या व्यावसायिक लीगमधल्या विल्ट चेंबरलेनवर सगळ्यात उघडपणे मांडला गेला. रिंगजवळ त्याला रोखणं कोणाच्या बापाला जमत नव्हतं, पण फ्री थ्रोत त्याची कारकिर्दीची सरासरी ५१ टक्क्यांच्या आसपास. मग मॅच संपत आली की समोरचे खेळाडू बॉल सोडून चेंबरलेनच्या मागे धावायचे. तो पळायचा, ते पकडायचे. बास्केटबॉलचा पकडापकडीचा खेळ व्हायचा. (त्यातली गंमत म्हणजे २ मार्च १९६२ ला त्याने १०० पॉइंट केले त्या मॅचमध्ये ३२ पैकी २८ फ्री थ्रो घातले. आणि त्या दिवशी न्यूयॉर्कचे खेळाडू उलट त्याच्या जोडीदारांना फाऊल करत होते, बॉल त्याच्यापर्यंत पोचू नये म्हणून.) हा पाठलाग थांबवायला एनबीएने शेवटच्या दोन मिनिटांसाठी वेगळी शिक्षा ठेवली. बॉलपासून दूर मुद्दाम फाऊल केला, तर एक फ्री थ्रो, तोही कोर्टवरच्या कोणीही मारावा, आणि वर बॉलही त्यांच्याचकडे.

दोन मिनिटांच्या आधी मात्र रान मोकळं होतं. २९ डिसेंबर १९९७ ला डॅलसचे कोच डॉन नेल्सन यांनी शिकागोच्या डेनिस रॉडमनला फाऊल करायला बबा वेल्सला पाठवलं. वेल्सने तीन मिनिटांत सहा फाऊल भरले आणि बाहेर जाऊन बसला. रॉडमनने १२ पैकी ९ फ्री थ्रो घातले, शिकागो जिंकलं. डाव अंगावर उलटला, पण कल्पना मेली नाही. पुढे शकील ओ'नीलवर ती इतकी वापरली गेली, की तिला त्याचंच नाव चिकटलं. शेवटी २०१६-१७ च्या हंगामापासून एनबीएने दोन मिनिटांचा नियम प्रत्येक क्वार्टरच्या, म्हणजे मॅचच्या चारही भागांच्या, अखेरीला लावला.

हा सगळा अमेरिकेतला मामला. आपल्याकडे शाळेपासून राष्ट्रीय स्पर्धेपर्यंत चालतात ते फिबाचे, म्हणजे आंतरराष्ट्रीय बास्केटबॉल संघटनेचे नियम. फिबाची स्थापना १९३२ ची, जिनिव्हात. शॉटच्या वेळी दूर कुठेतरी फाऊल झाला, तर फिबाचा रेफरी मनात दोनच गोष्टी तपासतो: फाऊल कोणाचा, आणि त्या क्षणी बॉल शूटरच्या हातात होता की सुटला होता.

बॉल हातातून सुटून हवेत असेल, तर शिट्टीने तो मरत नाही. फाऊल कोणत्याही बाजूचा असो, बॉल आत गेला तर पॉइंट मिळतात. काकांचं उत्तर इथेच आहे. कोपऱ्यातला शूटर त्याचं काम करून मोकळा झाला होता. नंतर जोडीदाराने रिंगखाली ढकललं, त्याची शिक्षा वेगळी. बॉल हवेत असताना तो कोणत्याच टीमच्या ताब्यात नसतो. म्हणून अटॅक करणाऱ्या टीमचे त्या क्वार्टरमध्ये चार फाऊल आधीच भरले असतील, तर ज्या डिफेंडरला रेटलं त्याला दोन फ्री थ्रो मिळतात. नसतील भरले, तर बॉल त्याच्या टीमला थ्रो-इनसाठी, म्हणजे रेषेबाहेरून आत फेकायला.

बॉल अजून हातात असेल तर मात्र वाटा फुटतात. शूटर उडी घेतोय, आणि त्याच्याच जोडीदाराने दुसरीकडे कोणाला धक्का दिला: बॉल तिथेच डेड. पुढे तो जाळीत गेला तरी बास्केट रद्द, आणि रेफरी छातीसमोर हातांची कात्री करतो. उलट, डिफेन्सच्या खेळाडूने दूर कोणाला धरलं आणि शूटरने आधीच सुरू केलेली हालचाल न तोडता शॉट पुरा केला, तर बास्केट धरलं जातं. शिट्टी ऐकून थांबला आणि नव्याने शॉट घेतला, तर नाही. आणि डिफेन्सचे फाऊल चारच्या आत असतील, तर दोन पॉइंट मिळून थ्रो-इनही त्याच टीमला परत. हे पहिल्यांदा बघणाऱ्याला पक्षपात वाटतो. वाटू दे. डिफेन्सने दूर कोणाला धरून चालू शॉट मोडायची सोय राहू नये, एवढाच त्याचा अर्थ.

एक बारीक गोष्ट शाळेच्या मॅचेसमध्ये हमखास चुकते. शिट्टी वाजली म्हणून पोरं रिंगवर नाचणारा बॉल सवयीने उडवून लावतात. शॉट चालू असताना शिट्टी वाजली असेल आणि बॉल रिंगला लागून आत जाण्याची शक्यता असेल, तर त्याला हात लावायची परवानगी नाही. डिफेन्सने लावला तर पॉइंट दिले जातात.

नियम कागदावर सोपा, कोर्टवर अवघड, कारण "बॉल सुटला तो क्षण" आणि "धक्का लागला तो क्षण" एकाच माणसाने बघायचे म्हटले तर मान दोनदा फिरवावी लागते. म्हणून कामाची वाटणी केलेली असते. रिंगमागच्या एंडलाइनवर उभा असतो तो रेफरी म्हणजे लीड. शॉट सुटला की त्याने रिंगखालची गर्दी, खांदे, कोपर बघायचे. मागून येणारा दुसरा रेफरी, म्हणजे ट्रेल, शूटर आणि बॉलचं उड्डाण बघतो. एनबीएने १९७८-७९ ला तिसरा रेफरी आणून पाहिला, खर्चामुळे वर्षभरात काढला, आणि १९८८-८९ पासून कायमचा आणला. बॉलपासून दूर बघणारा आणखी एक डोळा, एवढंच त्याचं कारण नव्हतं, पण मोठं कारण तेच.

भारतात खेळ आला तोही वायएमसीएच्या वाटेने. हॅरी क्रो बक यांनी १९२० मध्ये मद्रासला शारीरिक शिक्षणाचं कॉलेज काढलं, १९३४ मध्ये दिल्लीत पुरुषांची पहिली राष्ट्रीय स्पर्धा झाली, आणि १९५० मध्ये राष्ट्रीय फेडरेशन उभं राहिलं. नियमपुस्तकं वेळोवेळी बदलली, नेस्मिथच्या "रेफरी"ला आता क्रू चीफ म्हणतात, पण त्याच्या जोडीदाराचं नाव अजून अंपायरच आहे.

त्या दिवशी गंगापूर रोडला दोनच रेफरी होते. मॅच संपल्यावर कोर्टबाहेरच्या टपरीवर लीडचं काम करणारे सर चहा घेत होते. मी विचारलं, "सर, बॉल हातातून सुटला होता हे इतक्या खात्रीने कसं सांगितलंत?"

त्यांनी पलीकडे उभ्या जोडीदाराकडे बोट दाखवलं. "ते त्याने सांगितलं. मी बॉल बघितलाच नव्हता. आत गेला, हेसुद्धा मला पोरांच्या ओरडण्यावरून कळलं."