मिनिमम फ्यूएल आणि मेडे फ्यूएल यांची गल्लत

पावसाळ्यात मुंबईची धावपट्टी थोडा वेळ जरी बंद राहिली, तरी दुसऱ्या दिवशीचा मथळा ठरलेला असतो: 'इंधन संपत आल्याने वैमानिकाचा मेडे, प्रवासी बालंबाल बचावले'. अनेकदा वैमानिकाने मेडे दिलेलाच नसतो. त्याने फक्त 'मिनिमम फ्यूएल' एवढं कळवलेलं असतं. मग समजून सांगणारे भेटतात, ते म्हणतात, 'मिनिमम फ्यूएल म्हणजे धाकटा मेडे.' हे वाक्य डोक्यातून काढून टाका. दोन्ही शब्द इंधनाबद्दलचे आहेत आणि एकामागून एक येऊ शकतात, पण रेडिओवर त्यांनी घडणाऱ्या गोष्टी पूर्ण वेगळ्या आहेत.

मेडे बहुतेकांना ठाऊक असतो, म्हणून थोडक्यात: गंभीर धोका, शब्द तीनदा उच्चारायचा, हवाई वाहतूक नियंत्रक बाकीची विमानं बाजूला करून वाट मोकळी करतो. इंधनासाठी असेल तर शेवटी 'फ्यूएल' जोडायचं.

मिनिमम फ्यूएल समजायला आधी 'फायनल रिझर्व्ह' पक्कं कळायला हवं. बहुतेक गोंधळ हे न कळल्यामुळेच होतो. जेट विमानाला विमानतळाच्या पातळीपासून १,५०० फुटांवर, होल्डिंगच्या (उतरायची वाट बघत घिरट्या घालण्याच्या) वेगाने ३० मिनिटं उडत राहायला लागेल तेवढं इंधन म्हणजे फायनल रिझर्व्ह. एअरबस ए३२० या जेट विमानासाठी हे वजनानुसार साधारण १,१०० ते १,२०० किलो भरतं. (इंधन आम्ही वैमानिक लिटरमध्ये मोजत नाही. तापमानाबरोबर आकारमान बदलतं, वजन बदलत नाही.) टॅक्सीचं, प्रवासाचं, प्रवासाच्या सुमारे ५ टक्के आकस्मिक खर्चाचं, पर्यायी विमानतळापर्यंतचं आणि कॅप्टनने हवामान पाहून मागितलेलं जादा इंधन, हे सगळं मोजून झाल्यावर खाली तळाला फायनल रिझर्व्ह असतं. चाकं धावपट्टीला लागतात तेव्हाही ते टाकीत असलंच पाहिजे.

आता दोन्ही शब्दांच्या व्याख्या. आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेने (आयकाओने) २०१२ मध्ये परिशिष्ट ६ मधून त्या नेमक्या केल्या आणि भारतातले नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाचे (डीजीसीएचे) नियमही त्याच धर्तीवर आहेत. वैमानिकापुढे एका ठराविक विमानतळावर उतरण्यावाचून पर्याय उरलेला नसतो आणि नियंत्रकाकडून सध्या मिळालेल्या परवानगीत काहीही बदल झाला तर उतरताना फायनल रिझर्व्हपेक्षा कमी इंधन उरू शकतं, तेव्हा म्हणायचं मिनिमम फ्यूएल. सुरक्षित उतरता येईल अशा सर्वात जवळच्या विमानतळावर पोहोचूनही फायनल रिझर्व्हपेक्षा कमीच उरणार असा हिशेब आला, की मेडे फ्यूएल.

दोन्ही व्याख्यांमध्ये मोजायचं आहे ते उतरतानाचं इंधन. या क्षणी टाकीत किती आहे याचा थेट संबंध नाही. लोक अडखळतात ते नेमकं इथंच, आणि कधीकधी नवे को-पायलटही. 'अजून १,७०० किलो आहेत, फायनल रिझर्व्ह ११५०, मग घाई कशाला?' हा विचार चुकीचा आहे. उत्तर आत्ताच्या काट्यावर नसतं. फ्लाइट मॅनेजमेंट कॉम्प्युटर उतरतानाचा जो आकडा दाखवतो तो बघायचा, आणि त्यात अजून न टाकलेली वळणं व उशीर स्वतः मिळवायचे. कॉम्प्युटरला नियंत्रकाच्या मनातला रांगेचा क्रम माहीत नसतो. त्यात भरलेल्या मार्गापुरताच तो हिशेब करतो.

एक उदाहरण आकड्यांनी बघू. आकडे ठोकळ आहेत, पण ए३२० ला शोभणारे. दिल्लीहून मुंबईला येणारं विमान, पर्यायी विमानतळ अहमदाबाद. मुंबईच्या दोन्ही धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, त्यामुळे एका वेळी व्यवहारात एकच चालते आणि मुसळधार पावसात रांग झपाट्याने वाढते. विमान होल्डिंगला पोहोचलं तेव्हा टाकीत ३,८५० किलो: अहमदाबादपर्यंतचे १,९००, फायनल रिझर्व्ह १,१५० आणि जादाचे ८००. घिरट्यांमध्ये मिनिटाला साधारण ४० किलो जळतात, म्हणजे थांबायला २० मिनिटं मिळाली. सोळा मिनिटं होतात, पाऊस थांबत नाही, चार मिनिटं हातात असतानाच विमान अहमदाबादकडे वळतं. इथवर सगळं ठरल्याप्रमाणे आहे. डायव्हर्जनला आणीबाणी म्हणण्याची सवय मला अजिबात पटत नाही. पर्यायी विमानतळाचं इंधन भरलेलं असतं ते याचसाठी.

पण मुंबईची बाकीची विमानंही अहमदाबादलाच वळलेली असतात. नियंत्रक रांग लावायला लांब वळणं देतो. टाकीत आता १,७०० किलो, उतरताना उरणार १,२००. फायनल रिझर्व्हच्या वर फक्त ५० किलो, म्हणजे जेमतेम सव्वा मिनिट. बडोदाही फार लांब नाही, पण आता मागे वळून तिथं उतरलं तर हजारच उरतील. म्हणजे अहमदाबादशी बांधले गेलो. इथं म्हणायचं: 'मिनिमम फ्यूएल'.

नियंत्रकाचं उत्तर ठरलेलं असतं: 'रॉजर, उशीर अपेक्षित नाही' किंवा 'रॉजर, अमुक मिनिटांचा उशीर अपेक्षित'. तो तुम्हाला रांगेत पुढं घेत नाही. घ्यायला तो बांधलेलाच नाही. तुमचा क्रम तसाच राहतो. त्याला इतकंच कळतं की या विमानाला आणखी उशीर दिला तर प्रकरण मेडेपर्यंत जाईल. मिनिमम फ्यूएल ही माहिती आहे, विनंती नव्हे. जो वैमानिक ती विनंती समजून बोलतो आणि मग पुढचा क्रम मिळेल म्हणून गप्प बसतो, तो स्वतःलाच फसवतो.

समजा उत्तर आलं: 'उशीर १० मिनिटं'. दहा मिनिटं म्हणजे ४०० किलो, म्हणजे उतरताना ८००. आता दुसरा शब्द ताबडतोब हवा: 'मेडे, मेडे, मेडे, फ्यूएल'. या घटकेला टाकीत चाळीसेक मिनिटांचं इंधन आहे. इंजिनं व्यवस्थित चालू आहेत, कुठलीही टाकी रिकामी नाही, तरीही मेडे अगदी योग्य आहे. नियंत्रक वाट मोकळी करतो, विमान १,२०० किलो शिल्लक ठेवून उतरतं, आणि मग कुणीतरी म्हणतं, 'इंधन तर होतं, उगाच मेडे दिला!' इंधन उरलं ते मेडे दिल्यामुळेच. उलट, फायनल रिझर्व्हचा आकडा काट्यावर दिसेपर्यंत थांबणारा वैमानिक मदत मागतो तोवर तिचा उपयोग निम्मा झालेला असतो.

शब्द इतके नेमके का केले, हे २५ जानेवारी १९९० च्या रात्री न्यूयॉर्कजवळ झालेल्या अपघातावरून कळतं. आव्हियान्काचं फ्लाइट ५२, बोईंग ७०७, कोलंबियातून केनेडी विमानतळाकडे येत होतं. खराब हवामानामुळे तीन वेळा मिळून एक तास सतरा मिनिटं त्याला होल्डिंगमध्ये ठेवलं गेलं. को-पायलटने नियंत्रकांना 'प्रायॉरिटी' हवी असल्याचं सांगितलं, इंधन संपत चाललंय असंही सांगितलं, पण 'इमर्जन्सी' किंवा 'मेडे' हा शब्द उच्चारलाच नाही. त्या व्यस्त रात्री नियंत्रकांच्या कानाला ते एका अडचणीतल्या विमानाचं साधं बोलणं वाटलं. पहिला लँडिंगचा प्रयत्न फसला, विमान पुन्हा वर गेलं आणि फिरून येताना चारही इंजिनं बंद पडली. लाँग आयलंडवरच्या कोव्ह नेक इथं ते कोसळलं. १५८ पैकी ७३ जण गेले. म्हणूनच 'प्रायॉरिटी द्या', 'इंधन जरा कमी आहे', 'लवकर घ्या हो' असं मोघम बोलणं मला कॉकपिटमध्ये सहन होत नाही. यातल्या एकाही वाक्यावर नियंत्रकाची कोणतीही ठरलेली कृती अवलंबून नाही.

उरलेल्या गल्लती किरकोळ आहेत. 'पॅन-पॅन' (मेडेच्या खालचा, तातडी कळवणारा संकेत) ही इंधनाची मधली पायरी असल्याचं काहीजण सांगतात. आयकाओच्या इंधनाच्या कलमात पायऱ्या तीनच आहेत: उशिराची माहिती मागणं, मिनिमम फ्यूएल, मेडे फ्यूएल. दुसरं, कॉकपिटमध्ये वाजणारा कमी इंधनाचा इशारा वेगळा. ए३२० मध्ये तो एका पंखाच्या टाकीत सुमारे ७५० किलो उरले की येतो. त्या यंत्राला तुम्ही कुठे उतरणार आहात हे ठाऊक नसतं. तिसरं, 'कंपन्या पैसे वाचवायला इंधन कमी भरतात'. जादा इंधन वाहून न्यायलाही इंधन जळतं, त्यामुळे उगाच टाक्या भरत नाहीत हे खरं. पण फायनल रिझर्व्हला कुणी हात लावू शकत नाही आणि जादा इंधनाचा शेवटचा शब्द कॅप्टनचा असतो.

बातमी वाचताना दोनच गोष्टी शोधा: रेडिओवर नेमका कोणता शब्द वापरला आणि विमान किती किलो घेऊन उतरलं. 'इमर्जन्सी लँडिंग' या शब्दांतून यातलं काहीच कळत नाही. उतरल्यानंतरही फरक राहतो. नुसत्या मिनिमम फ्यूएलने विमान आणीबाणीत जात नाही. इंधनापायी आणीबाणी जाहीर करावी लागली, तर ती आयकाओच्या परिशिष्ट १३ मध्ये गंभीर घटनांच्या उदाहरणांमध्ये धरली आहे, आणि भारतात अशा घटनांची चौकशी एएआयबी (विमान अपघात तपास विभाग) करतं.