मोटार शर्यतींतील गट (फेरफारानुसार)

हौशी मोटार शर्यतींत गाडीच्या मूळ कारखानी रूपात किती बदल केला आहे, यावरून तिचा गट ठरविण्याची पद्धत. सोबत इंजिनाच्या सीसीचीही मर्यादा असते. सोलापूर जिल्ह्यातील बैलगाडा शर्यतींच्या मैदानावर दातांवरून आदत (दुधाचे दात असलेला), दुसा (दोन कायमचे दात आलेला) असे गट पडतात, तसेच हे. बैलाचे दात मात्र जबडा उघडताच दिसतात; इंजिनातला बदल हेड (सिलिंडरवरचे झाकण) उतरवल्याशिवाय कळत नाही.

उगमाविषयी मतभेद आहेत. १९०२ च्या पॅरिस–व्हिएन्ना शर्यतीत जड मोटारींना १,००० किलो व हलक्या मोटारींना ६५० किलो अशी कमाल मर्यादा होती. काही जण वर्गवारीचे मूळ तेथे पाहतात. पण ती वजनाची विभागणी होती, फेरफाराची नव्हे. त्यामुळे साधारणतः १९५४ पासून आंतरराष्ट्रीय मोटार महासंघाने (एफआयए) अमलात आणलेले ‘परिशिष्ट जे’ (गाड्यांच्या वर्गवारीचे नियम) हाच खरा आरंभ मानणे अधिक सयुक्तिक वाटते. १९८२ मध्ये गटांना अंकांऐवजी अक्षरे मिळाली. ‘एन’ म्हणजे जवळजवळ शोरूममधून निघाली तशी गाडी, ‘ए’ म्हणजे मर्यादित बदलांची. दोन्हींसाठी सलग बारा महिन्यांत ५,००० गाड्या बनलेल्या असणे आवश्यक होते; पुढे हा आकडा २,५०० वर आला. बदलांना अधिक मोकळीक असलेल्या ‘बी’ला २०० पुरत.

या नियमांचा गाभा असा, की जे स्पष्टपणे मान्य केलेले नाही ते निषिद्ध. याचे उत्तम उदाहरण रीबोअरचे, म्हणजे झिजलेला सिलिंडर आतून कापून रुंद करण्याचे. ‘ए’ गटात सिलिंडरचा मूळ व्यास ०.६ मिमीपर्यंत वाढवता येत असे, परंतु त्यामुळे सीसीची वर्गमर्यादा ओलांडली जाता कामा नये. अशा सिलिंडरसाठी ओव्हरसाइज (मूळ मापाहून मोठे) पिस्टन सहसा ०.२५, ०.५०, ०.७५ आणि १.०० मिमी अशा टप्प्यांनी मिळतात. म्हणजे पन्नासचा पिस्टन नियमात बसतो, पंचाहत्तरचा बसत नाही. जुन्या मारुती ८०० चे तीन सिलिंडरी इंजिन ६८.५ मिमी बोअर (सिलिंडरचा व्यास) व ७२ मिमी स्ट्रोकने (पिस्टनच्या एका फेरीचे अंतर) ७९६ सीसी भरते. पन्नासचा पिस्टन घातला की सुमारे ८०८ होते. वर्ग ८०० सीसीपर्यंतचा असेल, तर केवळ झीज काढण्यासाठी लेथवर नेलेले हे इंजिन वरच्या वर्गात जाते. वेग वाढवण्याचा हेतू नव्हता, हे सांगून उपयोग नसतो. हा काटेकोरपणा कठोर वाटला तरी योग्यच आहे. साधी गाडी घेऊन आलेल्या नवख्याला दुसरे संरक्षण नाही.

अमेरिकेत स्पोर्ट्स कार क्लब ऑफ अमेरिका (स्थापना १९४४) स्ट्रीट, स्ट्रीट टूरिंग, स्ट्रीट प्रिपेअर्ड, प्रिपेअर्ड, मॉडिफाइड अशा चढत्या पायऱ्या मानते. एक अमान्य बदल केला, तर गाडी बाद होत नाही. ती वरच्या पायरीवर जाते.

भारतात या खेळाचे नियमन एफएमएससीआय (फेडरेशन ऑफ मोटर स्पोर्ट्स क्लब्ज ऑफ इंडिया) ही संस्था करते. येथे रस्त्याचा कायदाही आड येतो. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणीतील तपशील उत्पादकाच्या मूळ तपशिलाशी विसंगत ठरेल असा बदल वाहनमालकाला करता येत नाही. त्यामुळे एमएच १३ पाटीची गाडी वरच्या गटासाठी तयार केली, की ती सोलापूरहून कोइम्बतूरच्या करी ट्रॅकपर्यंत चालवत नव्हे, ट्रेलरवर चढवूनच न्यावी लागते.