मामा, एकोणीस!

गोव्याहून परतताना केरीच्या पुढे चोर्ला घाट सुरू झाला, तेव्हा भाचा शेजारी मोबाइल धरून बसला होता. स्टेअरिंगखालच्या सॉकेटला 1 ब्लूटूथ स्कॅनर लावलेला. सपाटीवर आकडा अधिक 7. चढ लागला तसा तो मोठ्याने वाचू लागला, "अकरा... पंधरा... मामा, एकोणीस!" कणकुंबीच्या पठारावर आलो आणि आकडा पुन्हा सातवर.

हा आकडा म्हणजे फ्युएल ट्रिम: कॉम्प्युटर हिशेबापेक्षा किती टक्के पेट्रोल जास्त किंवा कमी सोडतोय ते. इंजिनात किती हवा शिरली याचा हिशेब करून कॉम्प्युटर पेट्रोल सोडतो. 1 ग्रॅम पेट्रोलला साधारण 14.7 ग्रॅम हवा. हिशेब बरोबर आला का, हे एक्झॉस्टमधला ऑक्सिजन सेन्सर सांगतो. त्याचा व्होल्टेज 0.45 च्या खाली रेंगाळला की पेट्रोल कमी पडतंय, वर राहिला की जास्त होतंय. आमटी चाखत चिमूटभर मीठ वाढवावं, तशी कॉम्प्युटर क्षणाक्षणाला दुरुस्ती करतो. ती शॉर्ट टर्म ट्रिम. रोजच मीठ कमी पडायला लागलं तर हात आधीच सैल सुटतो, ती लाँग टर्म ट्रिम. वाचताना दोन्हींची बेरीज धरायची.

चिन्हाबद्दल मात्र सर्रास घोटाळा होतो. अधिक दिसलं की लोक म्हणतात, गाडी पेट्रोल जास्त पिते. वास्तविक इंजिनाला पेट्रोल अपुरं मिळतंय असं कॉम्प्युटरला दिसतं, म्हणून तो वाढवून देतो. उणे असेल तर उलट: इंजेक्टर गळत असेल किंवा टाकीची वाफ ओढणारा पर्ज व्हॉल्व्ह उघडा अडकला असेल.

आकडा कधी वाढतो, हे आकड्याइतकंच महत्त्वाचं आहे. उभ्या गाडीत जास्त आणि 2500 आरपीएमला कमी होत असेल, तर कुठलातरी पाइप चिरलेला असतो. आयडलला, म्हणजे गाडी उभी ठेवून इंजिन नुसतं चालू असताना, ते मुळातच थोडी हवा घेतं, त्यात ती चोरटी हवा ठळक दिसते. रेस केल्यावर ती नगण्य होते. (हे हवा मोजणारा एमएएफ सेन्सर असलेल्या गाड्यांचं. आपल्याकडच्या बऱ्याच छोट्या गाड्या दाब मोजून हवेचा अंदाज घेतात. त्यांत अशी गळती ट्रिममध्ये फारशी उमटत नाही, नुसता आयडल वाढतो.) आयडलला ठीक आणि चढाला वाढत असेल, तर पेट्रोल पुरत नाही. आकडा वाचताना इंजिन गरम हवं आणि चढावर अॅक्सिलरेटर अर्धाच दाबलेला. पूर्ण दाबला की कॉम्प्युटर सेन्सरचं ऐकणंच सोडतो.

मग सपाटीवरचे सात? ऊस भरलेले ट्रॅक्टर संकेश्वर रस्त्यावर आपण रोज बघतो. त्याच उसापासून इथेनॉल होतं आणि आता पंपावरच्या पेट्रोलमध्ये 20 टक्क्यांपर्यंत ते असतं. इथेनॉलमध्ये स्वतःचा ऑक्सिजन असल्यामुळे 14.7 च्या जागी सुमारे 13.5 ग्रॅम हवा पुरते, म्हणजे तेवढ्याच हवेला पेट्रोल जास्त लागतं. शुद्ध पेट्रोलवर बेतलेल्या जुन्या गाडीत अधिक 7-8 दिसलं तर तो बिघाड नव्हे, आणि त्यासाठी कोणी पार्ट बदलायला सांगितला तर थांबा.

मला एका गॅरेजमध्ये ऑक्सिजन सेन्सर बदलायला सांगितलं होतं. पण सेन्सर खोटं बोलत असता तर सपाटीवरही बोलला असता. इंजिनचा दिवाही पेटला नव्हता. तो बहुधा अधिक 25 च्या आसपास पेटतो, म्हणून दिव्याची वाट बघत बसू नये. बेळगावच्या उद्यमबागेतल्या मिस्त्रींना आकडे दाखवले. "पंप बघू या की, सर," म्हणत त्यांनी मागची सीट उचलून टाकीतला पेट्रोलचा पंप बाहेर काढला. बुडाची जाळी काळ्या गाळाने लिंपलेली होती. बोटाने दाबली तर पेट्रोल थेंबथेंब गळलं.

नवी जाळी बसवली. पुढच्या खेपेला तोच घाट, तोच तिसरा गिअर. भाचा बराच वेळ काही बोलेना. विचारलं तर म्हणाला, "सात. मघापासून सातच आहे, मामा."